काचेतलं फूल

यजमान यादगिरी गड्डम वारून वर्ष होत आलं होतं, आणि अनसूयाबाई अजूनही रोज सकाळी देवघराच्या आधी त्यांच्या यंत्राची धूळ पुसत. यंत्र म्हणजे एक जुनं टर्मिनल. सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्यांच्या घरात, बाहेरच्या खोलीत, टेबलावर ते ठाण मांडून बसलेलं असे. प्लास्टिक पिवळट पडलेलं, काच पुढं फुगलेली, समोर जाडजूड कीबोर्ड आणि कडेला उजेड कमीजास्त करायचं एक गोल बटण. बंद असलं तरी त्याच्या काचेत एक फूल दिसायचं. तिरकं पाहिलं तर स्पष्ट दिसे, अगदी समोरून पाहिलं तर विरून जाई. सहा पाकळ्यांचं, पायऱ्यापायऱ्यांच्या कडांचं, चादरीच्या किनारीवर असतं तसलं.

ते फूल यादगिरींनी काढलेलं होतं. कामाच्या दिवसांत ते पडद्यावर इतकी वर्षं मांडलेलं राहिलं, की काचेमागच्या लेपात भाजूनच निघालं. ज्या चादरींवर ते विणलं गेलं त्या केव्हाच विटून, फाटून, त्यांची पुसणी होऊन संपल्या होत्या. यादगिरींच्या हातचं या जगात उरलेलं एवढंच. अनसूयाबाई फडकं फिरवताना त्या जागी हात जरा हलका करत. फूल काचेच्या आत आहे, ते फडक्यानं जायचं नाही, हे त्यांना कळत होतं. पण हात ऐकत नसे.

आणि आता ते खरोखरच पुसलं जायची वेळ आली होती.

त्या वर्षांत सगळ्या देशाला जुन्या टीव्ही-संगणकांचे पडदे वाचायचं, म्हणजे त्यांवर पूर्वी काय दिसलं होतं ते काढून बघायचं वेड लागलं होतं. भंगारवाले जुने टीव्ही वेगळे काढून, काचेला पोतं गुंडाळून ठेवायला लागले होते. वाटण्यांमध्ये दागिन्यांइतकीच तोलामोलाची भांडणं बापाच्या टीव्हीवरून होत होती. काही सावध मंडळींनी माळ्यावरचे पडदे रातोरात फोडून टाकले, आणि त्यांच्या घरच्यांना उगाचच शंका येऊ लागल्या. अनसूयाबाईंच्या शेजारच्या, बुरा आडनावाच्या गृहस्थांनी मोठ्या हौसेनं आपल्या कडक वडिलांचा टीव्ही वाचून घेतला. बातम्यांशिवाय काही न बघणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. निघालं काय, तर पोरं शाळेत गेली की रोज दुपारी लावलेल्या मुलांच्या कार्टून वाहिनीचं कोपऱ्यातलं चिन्ह. बुरा ते चित्र मोठं करून भिंतीवर लावून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून डोळे पुसू लागले.

अनसूयाबाईंकडे येणाऱ्या बाईंचं नाव डॉक्टर शबनम मणेर. शहरात नव्यानं उभ्या राहिलेल्या वस्त्रसंग्रहालयात त्या काम करत. चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या, आणि चहाला कधी नाही न म्हणणाऱ्या. ज्या डिझाईन केंद्रात यादगिरींनी उमेदीची वर्षं घालवली, तिथली सगळी डिझाईनं केंद्र बंद पडल्यावर डिस्कांसकट भंगारात गेली होती. मणेर मॅडमना ती परत हवी होती, आणि ती आता फक्त या एका काचेत असायची शक्यता होती.

पडदा वाचतात कसा, ते त्यांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं होतं. जुन्या पडद्याच्या काचेला आतून एक पूड लावलेली असते. मागून इलेक्ट्रॉनांचा झोत येऊन त्या पुडीवर आदळतो, तिथला कण उजळतो आणि आपल्याला चित्र दिसतं. पण प्रत्येक कण म्हणजे एक बारीक स्फटिक, आणि स्फटिक म्हटला की त्यात कुठं ना कुठं खोट असायचीच. आलेल्या इलेक्ट्रॉनांतला एखादा त्या खोटीच्या खळग्यात पडतो आणि तिथंच अडकून बसतो, वर्षानुवर्षं. कणाला ऊब दिली की तो सुटतो, आणि सुटताना इवलासा उजेड टाकून जातो. जमिनीतून निघालेल्या खापराचं वय पुरातत्त्ववाले याच युक्तीनं काढत आले आहेत. नवं झालं ते एवढंच, की काच न फोडता लेसरनं एकेक कण निराळा तापवता येऊ लागला, आणि त्या लाखो कणांच्या उजेडाचं गणित सोडवणारे प्रोग्रॅम आले. किती उबेला किती उजेड निघाला यावरून तो कण केव्हा आणि किती काळ उजळत होता ते कळतं. मग पडद्यावर मांडलेली चित्रं कपाटातल्या घड्यांसारखी एकेक करून सुटी काढता येतात. क्षणभर येऊन गेलेलं काही सापडत नाही. जे रोज, तासन्‌तास समोर राहिलं, तेच उरतं.

“पण एक आहे, मावशी,” मॅडम म्हणाल्या होत्या. “सुटलेला इलेक्ट्रॉन परत यायचा नाही. वाचलं की पुसलं. आणि जुन्या घड्या काढायला ताप जास्त द्यावा लागतो, त्यात हे भाजलेलं फूलही जाईल. त्याची नक्कल तुम्हाला देऊ. काच मात्र कोरी होईल.”

फूल जाईल, हे निमित्त अनसूयाबाईंना बरं सापडलं. त्यांनी नको म्हणून सांगून टाकलं.

त्यांची मुलगी हरिणी चार गल्ल्या पलीकडे राहायची, टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायची, आणि संध्याकाळी आईकडे चक्कर टाकायची. बापाला ती नायना म्हणायची. नायनांची डिझाईनं संग्रहालयात लागतील, नवी पोरं त्यांवर शिकतील, एवढं मोठं काम तुझ्या हट्टापायी अडलंय, असं तिनं आईला तेलुगूतून, मराठीतून, लाडानं आणि रागानं सांगून पाहिलं. अनसूयाबाई नुसतं फुलाकडे बोट दाखवत. खरं कारण त्यांना लेकीला सांगता येण्यासारखं नव्हतं. या काचेत काय निघेल याची त्यांना भीती होती, आणि त्या भीतीचं मूळ हरिणीच्या वयाएवढं जुनं होतं.

हरिणी झाली त्या वर्षी अनसूयाबाईंच्या गालावर कोड आलं. आधी ओठाच्या कडेला तांदळाएवढा ठिपका, मग पुढच्या उन्हाळ्यात अर्धा गाल. औषधं झाली, पथ्यं झाली, कुणी सांगितलं म्हणून मासे आणि दूध एकत्र बंद झालं. लग्नकार्यात बायका बोलताना डोळ्यांत न बघता गालाकडे बघू लागल्या. अनसूयाबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढायला सुरुवात केली, आणि घराबाहेर पडणंच कमी केलं. एकदा दुपारी त्या चुलीपुढं पदर बाजूला सारून भाकऱ्या थापत होत्या. सहज मान वळवली तर यादगिरी दारात उभे, त्यांच्याकडे बघत. किती वेळ उभे होते कोण जाणे. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

“बघू नका माझ्याकडं,” त्या म्हणाल्या. “दुनिया बघती तेवढं पुरे हाय. तुमी तरी बघू नका.”

यादगिरी म्हणाले, “बरं.”

एवढंच. आणि तो माणूस असा, की बरं म्हटलेलं मोडायचा नाही. गिऱ्हाईकानं किनार हिरवी सांगितली तर स्वतःला लाल कितीही आवडो, ते हिरवीच काढून देत. त्या दिवसापासून त्यांनी बायकोकडे मान वर करून पाहिलं नाही. जेवताना नजर ताटात. बोलताना नजर भिंतीवर. बोलत तर ते आधीच कमी. चार-सहा महिन्यांत अनसूयाबाईंचा राग निवला आणि त्यांना आपलं बोलणं परत घ्यावंसं वाटू लागलं. पण बघू नका म्हणणं सोपं. आता बघा, असं कुठल्या तोंडानं सांगणार? मग हळूहळू त्यांच्या मनानं निराळंच घेतलं. आपण नको म्हटल्यामुळे हे बघत नाहीत असं नाही, यांनाच बघवत नाही. आपण फक्त यांची सोय करून दिली, असं त्यांना वाटू लागलं. आणि वर्षं गेली तशी ती खात्रीच झाली.

त्यात भर पडली विद्या होनरावची. तीही डिझाईन केंद्रातच होती, पलीकडच्या खोलीतल्या टर्मिनलवर. या टर्मिनलांचं एक वैशिष्ट्य होतं. त्यांना स्वतःचं डोकं नसे आणि पोटात काही साठवायची सोयही नसे. खालच्या गार खोलीत एक मोठा सर्व्हर असायचा. सगळं काम तो करायचा, आणि तारेवरून चित्र तेवढं इथं पाठवायचा. टर्मिनल ते दाखवायचं. पण तार सगळ्यांची एकच. त्यामुळं एकानं परवानगी ठेवली असेल तर दुसरा आपल्या जागेवरून त्याच्या पडद्यावर एक छोटी चौकट उघडून आपलं डिझाईन दिवसभर तिथं ठेवू शकत असे. अनसूयाबाई एकदा डबा द्यायला केंद्रात गेल्या असताना त्यांच्या डोळ्यांदेखत तशी चौकट यादगिरींच्या पडद्यावर उमटली. तिच्यात एक सायकल काढलेली होती, काहीतरी दोन शब्द होते, आणि यादगिरी हसले. घरी न हसणारा माणूस हसला, हे बाईंनी डब्याबरोबर घरी आणलं आणि जन्मभर सांभाळलं.

केंद्र बंद पडलं तेव्हा विद्या होनराव कोइमतूरला निघून गेली. यादगिरींनी मात्र आपलं टर्मिनल आणि एक लहान सर्व्हर भंगाराच्या भावात उचलला आणि हातगाडीवर घालून घरी आणला. बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं, तेही भिंतीला सरळ नाही, वाकडं. अनसूयाबाई झाडताना ते सरळ करत, संध्याकाळी ते पुन्हा वाकडं झालेलं असे. शहाबादी फरशीवर पायांचे चार पांढरे चरे पडले, त्यावरून बोलाचाली झाली, आणि टेबल वाकडंच राहिलं.

पुढची सगळी वर्षं रोज संध्याकाळी हेच. अनसूयाबाई स्वयंपाकाला लागल्या की यादगिरी बाहेरच्या खोलीत त्यांच्याकडे पाठ करून टर्मिनलपुढं बसत. बाहेरचा दिवा लावायचा नाही, डोळ्यांना त्रास होतो म्हणत. आणि अनसूयाबाईंनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं रे टाकलं, की यादगिरींचा हात त्या गोल बटणाकडे जाई आणि पडदा काळा होई. आत बाईंची ताटं मांडून झाली, त्या मागच्या दारी जायला निघाल्या, की पुन्हा हात बटणावर आणि पडद्यावर पुन्हा उजेड. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. बायको आली की झाकायचं, बायको गेली की उघडायचं. ती तार भिंतीतून निघून कुठं जाते ते अनसूयाबाईंना माहीत नव्हतं, पण ती कोइमतूरला जाते असं त्यांनी धरून टाकलं होतं. विचारलं एकदाही नाही. विचारलं असतं आणि ते खरंच निघालं असतं तर त्याच घरात राहायचं कसं, हा प्रश्न होता.

नवरा म्हणून यादगिरी वाईट नव्हते. तेच जास्त त्रासाचं होतं. आजारपणात उशाशी बसायचे, खिडकीबाहेर बघत. घरातल्या कशाकडेही त्यांचं लक्ष नसायचं, नळ महिनाभर गळत राहायचा. पण स्वयंपाकघरातला दिवा गेला तर त्याच दिवशी जाऊन नवा आणायचे, आणि चांगला लख्ख. हे एवढं एक.

पावसाळा सरल्यावर मणेर मॅडम पुन्हा आल्या, आणि या खेपेला त्यांनी अनसूयाबाईंचं निमित्तच काढून घेतलं. त्यांच्या प्रयोगशाळेनं नवी रीत बसवली होती. अगदी वरची, म्हणजे शेवटच्या वर्षांची घडी कमी उबेतच सुटते. तेवढीच काढली तर फुलाला धक्का लागत नाही. आधी ती काढू, म्हणाल्या, यंत्र कसं चालतं ते तुम्ही डोळ्यांनी बघा, खालच्या घड्यांचं मग ठरवा.

हरिणी आईकडे बघत राहिली. अनसूयाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. शेवटची वर्षं म्हणजे नेमकं तेच, ज्याची भीती. नको म्हणायला आता काही उरलं नव्हतं. आणि त्यांना एकदम थकल्यासारखंही झालं. माणूस गेला, आपलंही वय झालं. किती दिवस त्या काचेवरून फडकं फिरवत बसायचं, आत काय आहे ते न बघता? हरिणीला त्यांनी काहीतरी आणायला दुकानात पिटाळलं.

“वरची घडी तेवढी काढा,” त्या मणेर मॅडमना म्हणाल्या. “पण काय निघंल ते आधी मला दाखवायचं. पोरीला नाही. तिचा बाप तिला हाय तसाच राहू दे.”

मॅडमनी मान डोलावली. लोकांचे पडदे वाचून वाचून त्यांना असं बोलणं ओळखीचं झालं होतं.

ठरलेल्या दिवशी यंत्र आलं. शिलाई मशीनएवढी पेटी, तिला पुढं एक रबरी तोंड, ते टर्मिनलच्या काचेला घट्ट बसवलं. लावता लावता मॅडम जरा थबकल्या. या पडद्यांवर ऑफिसात एक काळी बारीक जाळी बसवलेली असायची, म्हणाल्या, तिच्यामुळं मागच्या दिव्याखिडक्यांची छाया काचेत पडत नाही. ही कुणी काढली? जाळी नसली तर डोळ्यांना त्रासच. अनसूयाबाईंना ती जाळी आठवली. कपाटामागं पडलेली त्यांना केव्हाच सापडली होती आणि पीठ चाळायला तिचा काही उपयोग होतो का तेही त्यांनी पाहिलं होतं. मॅडम हसल्या आणि कामाला लागल्या.

पेटीतून गुंगुं आवाज येत राहिला. दुपार उलटली. काचेचा एकेक ठिपका ऊन होत होता आणि आपल्याजवळ होता नव्हता तो उजेड टाकून मोकळा होत होता. अनसूयाबाई दाराशी बसून होत्या. त्यांना काय काय दिसत होतं: चौकटी, सायकली, पत्रं, एका बाईचा फोटो, दोन्ही गाल एकाच रंगाचे असलेली बाई.

संध्याकाळी आवाज थांबला. हरिणी आली होती, तिला मॅडमनीच चहा टाकायला आत पाठवलं. मग टॅबलेट अनसूयाबाईंच्या पुढ्यात धरला.

काळा चौकोन. वरच्या कोपऱ्यात एक बारीक ओळ. बाकी काही नाही.

“बिघडलं का ओ?” अनसूयाबाईंनी विचारलं.

बिघडलं नव्हतं. मॅडमनी दोनदा तपासलं होतं. ती ओळ म्हणजे टर्मिनलचा स्वतःचा निरोप. सुरू झालं की ते तारेवर आपला सर्व्हर शोधतं, आणि सापडेपर्यंत कोपऱ्यात तेवढंच दाखवत राहतं: शोधतोय, मिळत नाही, शोधतोय, मिळत नाही. ती घडी दहाबारा वर्षांची तरी होती. एवढ्या वर्षांत दुसरं एकही चित्र त्या काचेवर टिकण्याइतकं आलं नव्हतं. मॅडमनी वाकून टेबलाखालच्या सर्व्हरचं झाकण काढलं. आत डिस्कच नव्हती. तिच्या जागी पालीची अंडी होती, तीही जुनी, रिकामी. भिंतीकडे गेलेली तार कपाटामागं नुसतीच गुंडाळून ठेवलेली होती.

“त्या पलीकडं कुणी नव्हतं, मावशी,” मॅडम हळूच म्हणाल्या. काय विचारलं जात होतं ते त्यांना न सांगता कळलं होतं. “काका एकटेच बसत होते.”

अनसूयाबाईंना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. विद्या होनराव इतक्या वर्षांनी त्या घरातून निघून गेली. पण ती गेली त्या जागी जे दिसलं ते त्यांना अधिक लागलं. दुसरी कुणी असती तर समजण्यासारखं तरी होतं. इथं काहीच नव्हतं. एका मेलेल्या यंत्रापुढं, एका रिकाम्या काचेपुढं तो माणूस वर्षानुवर्षं बसला. पण मान वळवून बायकोकडे बघणं त्याला झालं नाही.

“रिकामं खोकं बघवत होतं,” त्या म्हणाल्या. “मी नाही.”

मॅडम पेटी उचलून गाडीत ठेवायला गेल्या. मघाशी तपासायला म्हणून त्यांनी टर्मिनल सुरू केलं होतं, ते तसंच राहिलं होतं. कोपऱ्यातली ओळ लुकलुकत होती, शोधतोय, मिळत नाही. खोलीत अंधारून आलं होतं. अनसूयाबाई ते बंद करायला उठल्या. गुडघे दुखत होते म्हणून त्या यादगिरींच्या खुर्चीतच टेकल्या. इतक्या वर्षांत त्या तिथं कधी बसल्या नव्हत्या. बंद कुठून करतात ते माहीत नव्हतं. माहीत होतं ते एकच बटण, कारण नवऱ्याचा हात तिथं जाताना त्यांनी हजारदा पाहिला होता. त्यांनी ते फिरवलं. ओळ मंदावली आणि विझली.

आणि काचेत स्वयंपाकघर उमटलं.

आधी त्यांना समजेनाच. मग दाराची चौकट ओळखू आली, ओटा, शेगडी, फळीवरचे डबे, लख्ख दिव्याखाली सगळं इवलंसं आणि कडेला जरा वाकलेलं, पण काहीही न सुटलेलं. मधोमध हरिणी उभी होती. तिनं चहात साखर टाकली, चमचा चाटून पाहिला, कपाळावरचे केस मनगटानं मागं सारले. कुणी बघत नसताना माणूस करतो तसं सगळं. अनसूयाबाईंनी मागं वळून पाहिलं. हरिणीची पाठ होती, तिला पत्ताच नव्हता. पुन्हा काचेकडे पाहिलं. टेबल सरळ असतं तर तिथं नुसती भिंत दिसली असती. बाहेरचा दिवा लागलेला असता तर खोलीच दिसली असती. काचेवर जाळी असती तर काहीच दिसलं नसतं. आणि कोपऱ्यातली ओळ लुकलुकत राहिली असती तर तिच्या उजेडात ओट्यापुढं उभ्या असलेल्या बाईचं तोंड विरून गेलं असतं.

अनसूयाबाईंचा हात बटणावरच राहिला.

त्या स्वयंपाकाला आत आल्या की पडदा काळा व्हायचा. त्या ओट्यापासून हलल्या की उजळायचा. झाकायला नव्हेच ते. चाळीस वर्षं जगापासून ओढून धरलेला पदर त्या एकाच ठिकाणी खाली टाकत, ओट्यापुढं, नवऱ्याची पाठ आहे म्हणून. तिथं त्या घाम पुसत, गुणगुणत, हरिणीवर चिडत, पोळलेलं बोट तोंडात घालत, उघड्या तोंडानं म्हाताऱ्या झाल्या. आणि त्या सगळ्या संध्याकाळी तो माणूस अंधारात बसून तेवढंच बघत होता. बायकोनं सांगितलं होतं, माझ्याकडं बघू नका. तो बघत नव्हता. तो काचेकडे बघत होता. शब्दाचा पक्का माणूस, शब्द मोडला नाही. आणि बघायचंही सोडलं नाही. अशा सरळ माणसाच्या अंगात एवढी लबाडी असेल असं कुणाला वाटलं असतं?

त्या हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या, आणि ते आवरायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. हरिणी कप घेऊन बाहेर आली तर आई बापाच्या खुर्चीत बसून काळ्या काचेवर तळहात ठेवून रडत होती. तिला वाटलं, काहीतरी भलतंच निघालं. तिनं कप खाली ठेवले.

“अम्मा, काय झालं?”

“काय नाही,” अनसूयाबाई म्हणाल्या. “इकडं ये. बस हितं. बस म्हणते ना.”

त्यांनी लेकीला खुर्चीत बसवलं आणि स्वतः आत जाऊन ओट्यापुढं उभ्या राहिल्या. मग तिथूनच विचारलं, दिसते का मी.

“दिसतेस,” हरिणी म्हणाली. “अम्मा, सगळी दिसतेस.”

मणेर मॅडम परत आल्या तेव्हा चहा गार झाला होता. तो तसाच पिऊन त्या जायला निघाल्या. आज काही विचारायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. अनसूयाबाईंनीच त्यांना थांबवलं.

“खालच्या घड्या पण काढा, मॅडम. जेवढ्या निघतील तेवढ्या. पोरांना शिकवा. विद्याबाईंची डिझाईनं निघाली तर त्यांना पण कोइमतूरला कळवा, त्यांचीच हायत ती.”

“आणि फूल?” मॅडमनी विचारलं. “फूल राहणार नाही, मावशी.”

“फूल घेऊन जावा. काच तेवढी हितं ठेवा. आन् टेबल सरळ करू नका.”

पुढच्या आठवड्यात जास्त तापाचं यंत्र आलं आणि त्यानं काच कोरी करून ठेवली. सहा पाकळ्या गेल्या, किनारी गेल्या, विद्या होनरावची सायकलही निघाली आणि संग्रहालयात गेली. सगळे गेल्यावर, दिवेलागणीला, अनसूयाबाईंनी टर्मिनलवरून एकदा फडकं फिरवलं, या खेपेला सगळीकडून सारखंच, दाबून. बाहेरचा दिवा त्यांनी लावला नाही. आत आल्या, परात घेतली, जोंधळ्याचं पीठ काढलं. पदर डोक्यावरून खांद्यावर टाकला.

ओटा होता तिथंच होता. पण भाकरी थापायला त्या जरा वळून उभ्या राहिल्या, कोड असलेला गाल काचेकडे येईल अशा.